तिसऱ्या खणातली डिस्क

बत्तिसाव्या खेपेला ताईनं सर्व्हरचं बटण दाबलं आणि हाताची घडी घालून त्याच्यासमोर उभी राहिली. शेजारी खुर्ची होती, पण आपण बसलो की हा डबा मुद्दाम बिनसतो अशी दोन दिवसांत तिची खात्रीच पटली होती. पंखे घरघरले. आतल्या डिस्क एकामागून एक कुरकुरत जाग्या झाल्या. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. डिस्क जोडणारं कार्ड सापडलं. पहिली डिस्क सापडली. मग कर्सर नुसता लुकलुकत राहिला.

"दाखव," ती म्हणाली. "बाकीच्या दोन दाखव."

सहा मिनिटं गेली. पडद्यानं काही दाखवलं नाही.

मागच्या खेपेला तिन्ही दिसल्या होत्या, आणि तिनं आनंदानं टेबलावर थाप मारायच्या आत सगळं गोठून गेलं होतं. त्याच्या आधीच्या खेपेला एकही दिसली नव्हती. बिघाड एकाच जागी ठाण मांडून बसला तर माणूस त्याच्याशी भांडू तरी शकतो. हा दर वेळी नवं सोंग घेऊन येत होता. तार तीच, डिस्क त्याच, हात तेच, आणि उत्तर मात्र निराळं. तिच्या अगदी नाकी नऊ आले होते.

"झालं का?" दारातून आवाज आला.

टपालवाल्या बाई होत्या. तीस वर्षं पायी पत्रं वाटली आणि निवृत्तीच्या दुसऱ्याच वर्षी डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. आता दोन कुबड्यांवर त्या रोज सकाळी येत, कारण त्यांचा नवा पाय या वर्कशॉपात निम्मा तयार होऊन पडला होता.

"नाही झालं, बाई."

"काल तुम्ही उद्या म्हणाला होता."

"म्हणाले होते. चुकलं माझं."

"तीस वर्षांत मी एकाही दारात उद्या म्हटलं नाही," बाई म्हणाल्या, आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. तिथं आणखी आठ-नऊ जण होते. दोन दिवसांपूर्वी त्यांच्यात गप्पा चालायच्या. आता कुणी बोलत नव्हतं, आणि ताईला ते जास्त लागत होतं.

वर्कशॉप कृत्रिम पायांचं. उरलेल्या पायावर चढणारी वाटी तंतोतंत बसली तरच माणूस चालतो, नाहीतर दोन दिवसांत कातडी सोलून निघते. ती वाटी कोरणारं यंत्र मापं घ्यायचं या सर्व्हरकडून आणि फक्त याच सर्व्हरकडून. यंत्र बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली होती. नव्या कॉम्प्युटरला यंत्राची भाषा कळत नव्हती आणि नवं यंत्र घ्यायचा प्रस्ताव वरच्या कचेरीत भिजत पडला होता. म्हणून हा वीस वर्षांचा म्हातारा अजून कामावर होता, आणि त्याच्या डिस्कही त्याच्याच पिढीतल्या, स्कझी नावाच्या जुन्या पद्धतीनं जोडायच्या.

ही पद्धत समजायला सोपी आणि करायला कटकटीची. पट्टीसारखी एकच रुंद तार, आणि तिच्यावर ओळीनं सगळ्या डिस्क. प्रत्येकीला आपापला नंबर. तो द्यायचा जंपरनं, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढ्या एका प्लास्टिकच्या टोपीनं, जी डिस्कच्या पोटाशी असलेल्या दोन पिनांवर बसवायची. याशिवाय आणखी एक टोपी असते, ती तार इथं संपली एवढं सांगायला. ती फक्त शेवटच्या डिस्कवर हवी. मधल्या एखादीवर बसली की सिग्नल भलतीकडूनच मागं फिरतात, आणि मग मशीन वाटलं तर चालतं, वाटलं तर नाही. चौथ्या खणातल्या शेवटच्या डिस्कवरची टोपी ताईनं टॉर्च लावून पाहिली होती. जागच्या जागी होती.

सोमवारी दुसऱ्या खणातली डिस्क गेली. तिच्यावरच्या मापांची प्रत टेपवर होती, ही देवाची कृपा. पण तिच्या जागी घालायला डिस्क कुठून आणायची? जुन्या सामानाच्या दुकानातून दोन आणल्या. एक मेलेली निघाली आणि दुसरी मेली नाही एवढंच. मग ताईची नजर तिसऱ्या खणाकडे गेली. तिथं एक डिस्क अकरा वर्षं तार काढलेल्या अवस्थेत पडून होती. डिस्क चांगलीच होती. तिची जोडणी वाईट होती, असं सगळे म्हणत. सगळ्यांत ताईही आली.

जोडणी सरांची होती.

सर म्हणजे या खोलीतले तिच्या आधीचे तंत्रज्ञ, तिचे गुरू. अकरा वर्षांपूर्वी त्या दोघांनी मिळून सर्व्हरमध्ये दोन नव्या डिस्क बसवल्या, एक त्यांनी आणि एक तिनं. आठ महिने सगळं सुरळीत चाललं. मग एका उकाड्याच्या आठवड्यात एकशे चाळीस जणांची मापं एकमेकांत मिसळली. याची मांडी, त्याचा गुडघा. यंत्रानं ती इमानेइतबारे कोरली. कुणाला काही कळायच्या आत चौघांच्या पायांना जखमा झाल्या, त्यातली एक शाळेत जाणारी मुलगी होती. बाहेरून इंजिनिअर आणला. त्यानं एकेक तार काढत शेवटी तिसरी डिस्क वेगळी केली आणि सर्व्हर शहाण्यासारखा चालू लागला. दोष तिसरीत, एवढं ठरलं. मग समिती बसली. तिघांनी ताईला आत बोलावलं, पाणी दिलं आणि विचारलं, तिसरी कुणी बसवली?

"सरांनी," ती म्हणाली होती.

तेव्हा तिची नोकरी वर्षाचीही नव्हती. खात्री होती का? खात्री असल्याशिवाय माणूस असं बोलतो का? दुसरी आपली आणि तिसरी सरांची, असंच तिला आठवत होतं, आणि पुढच्या अकरा वर्षांत ते इतकं घट्ट आठवायला लागलं की त्यात बोट घालायला फट उरली नव्हती. सरांना त्याच दिवशी किल्ल्या ठेवून घरी जायला सांगितलं. ते परत आले नाहीत. वर्कशॉपात काहीही बिघडलं, अगदी नळ गळला तरी, त्याचं खापर आजही त्यांच्या नावानं फुटायचं, आणि ताई हसून मान डोलवायची.

"काय म्हणतोय म्हातारा?" साहेब आत डोकावले. साहेब म्हणजे वर्कशॉपचे व्यवस्थापक. त्यांनी जन्मात कधी स्क्रूड्रायव्हर धरला नव्हता, त्यामुळे त्यांच्याकडे सूचना भरपूर असत. "तार उलटी घालून बघितली का?"

"उलटी बसत नाही ती, साहेब."

"धूळ साफ केली?"

"केली."

"मग बंद करून चालू कर ना एकदा."

"बत्तीस वेळा केलंय."

"तेहेतीस कर," साहेब म्हणाले. "आणि बाहेर जाऊन काहीतरी सांग त्या लोकांना. मला तोंड दाखवायची सोय राहिलेली नाही."

उंटावरून शेळ्या हाकून ते गेले. ताईनं तेहेतिसावी खेप केली. या वेळी पडद्यावर एकाच डिस्कचं नाव दोनदा आलं आणि सगळं अडकलं. तिनं स्क्रूड्रायव्हर भिंतीवर फेकला. तो खाली पडून टेबलाखाली घरंगळत गेला आणि तिला ओणवं होऊन शोधावा लागला. गुडघे पुसत उठली तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. दुःखाचं नव्हे, निव्वळ संतापाचं. जुन्या यादीत नंबर शोधून तिनं फोन लावला. अडला हरी आणि पुढचं सगळं, असं मनाशी म्हणतच लावला.

सरांच्या बायकोनं उचलला.

"काकू, मी बोलतेय. वर्कशॉपातून."

"देते," काकू म्हणाल्या. कशी आहेस, एवढंही त्यांनी विचारलं नाही.

"बोला."

"सर, मी..."

"चिमटा?"

हे नाव तिनं अकरा वर्षांत ऐकलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात तिनं चिमट्याशिवाय नुसत्या नखांनी जंपर बसवून दाखवला, तेव्हा त्यांनी ते ठेवलं होतं.

"तब्येत कशी आहे, सर?"

"अकरा वर्षांनी तब्येत विचारायला कुणी कामाच्या वेळात फोन करत नाही. ताकाला येऊन भांडं लपवू नकोस. काय बिघडलंय?"

तिनं सांगितलं. सोमवारपासूनचं सगळं, भराभर, एका दमात. तिसऱ्या डिस्कपाशी आली तेव्हा मात्र आवाज आपोआप कोरडा झाला.

"तिसरी जोडलीस," ते शेवटी म्हणाले.

"बदली डिस्क मिळतच नाहीये कुठं."

"बाहेर काढून पाहिलीस?"

"खणावर लेबल आहे. नंबर बरोबर आहे तिचा."

"लेबल कुणी लावलं?"

"त्या बाहेरच्या इंजिनिअरनं."

"त्यानं बाहेर काढून पाहिली होती?"

नव्हती पाहिली. कुणीच पाहिली नव्हती, कारण खणाचा पुढचा एक स्क्रू तेव्हाच घासून गेला होता. या दोन दिवसांत तिनंही तिथंवर जाऊन तीनदा हात मागं घेतला होता.

"स्क्रू घासलाय, सर. त्याला डोकंच राहिलेलं नाही."

"रबरबँड आहे? रुंद घे. स्क्रूवर आडवा ठेव, त्यावरून स्क्रूड्रायव्हर दाब आणि सावकाश फिरव. दाब जास्त, फिरवणं कमी. फोन ठेवू नकोस. मी थांबतो."

तिनं फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. पहिला रबरबँड फाटला. दुसरा फाटला. तिसऱ्याच्या वेळी तिनं अंगाचा सगळा भार हातावर दिला आणि स्क्रू बारीकसा कुईं करून हलला. दोन दिवसांत या खोलीत काहीतरी तिचं ऐकण्याची ही पहिलीच वेळ होती. पलीकडून एकदा कप खाली ठेवल्याचा आवाज आला, तेवढाच.

विटेएवढी जड डिस्क तिनं बाहेर ओढली, फुंकर मारून धूळ उडवली आणि उलटी केली. पोटाशी पिनांची ओळ होती. तिच्यावर एक टोपी, नंबरची. आणि तिच्यापासून चार पिना सोडून आणखी एक.

"आहे," ती ओरडलीच. "सर, शेवटची टोपी आहे हिच्यावर! मधल्या डिस्कवर शेवटची टोपी! कसं चालेल मग मशीन? बत्तीस वेळा... तेहेतीस वेळा मी..."

दोन दिवसांचा सगळा वैताग त्या वाक्यात उतरला, आणि त्याच्याखाली अकरा वर्षांचं काहीतरी, जे तिला बोलताना गोड लागलं. बघा, तुमचं काम.

"ठिपका कुठला आहे?" सरांनी विचारलं.

ठिपका. ती विसरलीच होती, कारण त्यांच्यानंतर ती शिस्त कुणी पाळली नव्हती. ज्यानं टोपी बसवली, त्यानं तिच्यावर नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा, असा सरांचा कडक नियम असे. टोपी हलली तर ठिपका तडकतो, आणि काम कुणाचं तेही कळतं. आपल्या कामात लपायला जागा नको, म्हणायचे. त्यांचा ठिपका लाल, काकूंच्या बाटलीतला. तिचा जांभळा. तो तिनं धाकट्या बहिणीकडून भांडून आणला होता.

तिनं टोपीवरून अंगठा फिरवला. धूळ निघाली. मग दिवा जवळ ओढला, जरी त्याची गरज नव्हती.

बाहेर कुणीतरी खोकलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं आणि फोनला डोळे नसतात. लाल म्हणायला एक शब्द पुरेसा होता. त्यातून कुणाचं नवं नुकसान होणार नव्हतं. जे व्हायचं ते त्या माणसाचं केव्हाच होऊन गेलं होतं, आणि खरं सांगितलं तरी तिला कुणी नोकरीवरून काढणार नव्हतं. तिची स्वतःशी असलेली अकरा वर्षांची समजूत तेवढी जाणार होती.

"चिमटा?"

"जांभळा," ती म्हणाली.

"नीट उजेडात बघ."

"उजेडातच आहे, सर."

"दोन्ही टोप्यांवर?"

"दोन्ही."

"दुसऱ्या खणातली काढ. परवा गेली ती."

तिचे स्क्रू साधे होते, मिनिटभरात निघाले. अकरा वर्षं बिनतक्रार चाललेली डिस्क. हिच्याकडे बोट दाखवून ही माझ्या हातची, असं ताईनं कितीजणांना सांगितलं होतं. तिनं ती उलटी केली.

"लाल आहे," ती म्हणाली.

"म्हणजे दुसरी माझी." सर हळू बोलत होते, स्वतःशीच हिशेब जुळवत असल्यासारखे. "दुसरी माझी होती तर. मी समितीला म्हटलं होतं, ठिपका बघा. हसले. त्यांना वाटलं, नेलपॉलिशच्या गप्पा मारून हा वेळ काढतोय. मी तुझ्यावर ढकलत नव्हतो गं. मलाच आठवत नव्हतं. दोघं एकाच वेळी वाकलो होतो, एकच टॉर्च होता. कधी वाटायचं माझी, कधी वाटायचं तुझी. अकरा वर्षं मी रोज तो सर्व्हर मनात उघडतोय. मला फक्त कळायला हवं होतं. पण कुणी वाकून बघितलंच नाही."

"सर, मला खरंच वाटलं होतं की..."

आपल्याला काय वाटलं होतं, हे आता तिलाच नक्की सांगता येईना.

"मला एक सांग," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो वर्गात प्रश्न विचारतानाचा जुना आवाज होता. "तू ती टोपी तिथं का बसवलीस? तू नवी होतीस, पण वेंधळी नव्हतीस. शेवटची टोपी एकच, हे मी तुला पहिल्या दिवशी शिकवलं होतं."

ताईनं डोळे मिटले. आणि इतक्या वर्षांत जे कधी आठवलं नव्हतं ते सरळ समोर आलं, जणू तेही त्या खणातच पडून होतं. टेबलाखाली आडवे पडलेले सर, तोंडात टॉर्च. तिनं विचारलं होतं, ही कशी लावू? त्यांनी टॉर्च काढून सांगितलं होतं. तिनं शेवटच्या डिस्ककडे पाहून पाहून एकेक टोपी बसवली होती, एकही न चुकता. गुरूचा शब्द होता, तो तिनं जसाच्या तसा झेलला होता.

हे बोललं तर पुन्हा त्यांच्याच डोक्यावर खापर. आत्ता कुठं ते उतरवून ठेवलं होतं. नाही बोललं, तर समितीपुढच्या खोट्यावर आणखी एक खोटं. माणसानं विचारावं तरी किती, असं तिला वाटलं. तिला त्यांचा राग आला, स्वतःचा आला, त्या दाण्याएवढ्या प्लास्टिकचा आला.

"तुम्ही सांगितलं होतं, सर," ती म्हणाली. "म्हणाला होता, शेवटच्या डिस्ककडे बघ आणि हुबेहूब तशीच कर. फक्त नंबर बदल."

"हुबेहूब म्हणालो होतो?"

"हो."

"हुबेहूब," ते म्हणाले, आणि फोन बंद झाला.

तिनं पुन्हा लावला नाही. आधी काम. जांभळ्या ठिपक्याची शेवटची टोपी नखानं उचकटली, टेबलावर ठेवली, डिस्क खणात सरकवली, तार खोचली आणि बटण दाबलं. पंखे घरघरले. पहिली सापडली. तिसरी सापडली. चौथी सापडली. कर्सर क्षणभरही थांबला नाही. तीन नावं ओळीनं उभी राहिली आणि सर्व्हर पुढं निघून गेला, कधी काही झालंच नव्हतं अशा थाटात. दोन दिवस ती याच क्षणाची वाट बघत होती. आता तिला त्याचा धड आनंदही होईना.

साहेबांना कसं कळलं कोण जाणे, पण ते टाळी वाजवतच आत आले.

"शाब्बास! काय निघालं शेवटी?"

"एक टोपी चुकीच्या जागी होती. तिसऱ्या डिस्कवर."

"म्हणजे त्याच महाशयांचा घोळ. अकरा वर्षांनी तू निस्तरलास."

"घोळ माझा होता, साहेब. ती डिस्क मी बसवली होती. सरांनी नाही."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं आणि मोठ्यानं हसले. "दोन दिवस झोपली नाहीस वाटतं. घरी जा आज लवकर."

"मी खरं सांगतेय. समितीला मी चुकीचं सांगितलं होतं."

"अगं, ती फाईल आता कुठल्या कपाटात आहे हेसुद्धा कुणाला ठाऊक नसेल. कशाला गाडलेलं उकरतेस? यंत्र कधी चालू करतेस ते सांग."

"मापं टेपवरून आणली की लगेच."

"बघ, म्हणजे झालंच," साहेब म्हणाले, आणि बाकावरच्या लोकांना आनंदाची बातमी द्यायला निघून गेले. ताई हातात स्क्रूड्रायव्हर धरून उभी राहिली. इतकी वर्षं जी गोष्ट उघडी पडू नये म्हणून मन पहारा देत होतं, ती उघडी पडल्यावर कुणाला तिचं काही नव्हतं. आणि ज्याला होतं त्यानं फोन ठेवला होता.

मग मात्र तिनं पुन्हा नंबर लावला.

"काय सांगितलंस गं त्यांना?" काकूंनी हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"का? काय झालं?"

"उठले, सदरा घातला आणि निघाले. जेवण वाढलं होतं, तसंच पडलंय. कुठं म्हणून विचारलं तर म्हणाले, वर्कशॉपला जाऊन येतो. अकरा वर्षांत त्या रस्त्यानं गेलेले नाहीत. भाजी आणायलासुद्धा लांबून वळसा घालतात."

"रागात होते का, काकू?"

"मला कुठं कळतंय," काकू म्हणाल्या. आता त्यांचा आवाज जरा मऊ झाला होता, किंवा घाबरला होता. "इतक्या वर्षांत असा चेहरा केलेला मी पाहिलाच नाही. तू आहेस ना तिथं? थांब मग. रिक्षानं दहा मिनिटांचा रस्ता आहे, पण ते चालत येतायत."

ताईनं फोन ठेवला. पडद्यावर तिन्ही नावं स्थिर उभी होती. ती त्यांच्याकडे थोडा वेळ बघत राहिली, मग खाली वाकली आणि सर्व्हर बंद केला.

पंखे थांबले तशी बाहेर हालचाल झाली. कुबड्यांची टकटक दारापर्यंत आली.

"साहेब म्हणाले, झालं," टपालवाल्या बाई म्हणाल्या. "आणि आवाज तर बंद पडला."

"झालंय, बाई. मीच बंद केलंय. अर्धा-पाऊण तास थांबाल?"

"आता आणखी कशाला?"

ताई तिसऱ्या खणाचे स्क्रू पुन्हा सोडवत होती. "एकजण येतायत. त्यांना आधी बघू दे."

"मोठे इंजिनिअर आहेत?"

"हो," ताई म्हणाली.

बाई बाकावर न जाता दाराशीच टेकल्या आणि कुबड्या भिंतीला लावून ठेवल्या. ताईनं डिस्क बाहेर काढून टेबलावर उलटी ठेवली. बाजूला पडलेली जांभळी टोपी उचलली, आणि ज्या दोन पिनांवर ती अकरा वर्षं होती, त्याच दोन पिनांवर नखांनी दाबून पुन्हा बसवली. तिच्याशेजारी लाल ठिपक्याची डिस्क ठेवली. चौथ्या खणातली शेवटची डिस्कही बाहेर काढली, जिच्याकडे बघून हुबेहूब तशीच करायची होती, आणि ती त्या दोघींच्या ओळीत मांडली.